वेंगुर्ल्याच्या खडकांवरील मोजदाद कोणी करायची?

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या सीमाभागातील माणसाला समुद्र म्हटले की आजही पुष्कळदा आधी वेंगुर्ला आठवते. याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात बेळगावच्या लष्करी छावणीचे बंदर वेंगुर्ला हेच होते. पलटणी आणि माल तेथे उतरे आणि घाट चढून बेळगावास येई. राज्यांच्या सीमा बदलल्या, बंदर मागे पडले, तरी सुटीच्या दिवसांत आंबोलीहून खाली उतरणाऱ्या गाड्यांत बेळगाव, निपाणी आणि कोल्हापूरकडील गाड्या कायम दिसतात. त्यात गोव्यातून उत्तरेकडे येणाऱ्या पर्यटकांची भर पडते. या सर्वांच्या आवडीच्या किनाऱ्यासमोर, वेंगुर्ला आणि निवतीच्या समुद्रात, उघड्या खडकांचा एक लहानसा समूह आहे. नकाशावर त्याचे नाव वेंगुर्ला रॉक्स किंवा बर्न्ट आयलंड असे असते. एका खडकावर दीपगृह आहे. बाकी मनुष्यवस्ती नाही, गोडे पाणी नाही, सावली नाही. आणि म्हणूनच तेथे पक्षी आहेत.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या एका प्रकल्पामुळे निवतीसमोरचा हा समुद्र सध्या चर्चेत आहे. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका निवती रॉक परिसरात समुद्रतळाशी ठेवून तेथे पाण्याखालील संग्रहालय, कृत्रिम प्रवाळभिंत आणि पाणबुडीतून पर्यटन असा तो बेत आहे. सिंधुदुर्गातील रोजगाराचा प्रश्न लक्षात घेता या बेताचे स्वागत होणे स्वाभाविक आहे, आणि ते व्हावेही. मात्र या परिसरात पर्यटकांच्या बोटींची ये-जा वाढल्यावर खडकांवरील पक्ष्यांचे काय झाले, हे पाच वर्षांनी कोणी विचारले, तर उत्तर देण्यासाठी आपल्याजवळ आकडे असतील का? आजच्या घडीला या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नाही. ते समाधानकारक करण्याचे काम सरकारपेक्षा किनाऱ्यावरचे आणि घाटमाथ्यावरचे सामान्य नागरिक अधिक चांगले करू शकतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दोन बिऱ्हाडे, दोन ऋतू

या खडकांवर मुख्यतः दोन प्रकारच्या पक्ष्यांची वीण होते आणि त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. पहिला पक्षी पाकोळी. शास्त्रीय अर्थाने हा समुद्रपक्षी नव्हे. हवेत उडणारे कीटक टिपून तो जगतो आणि त्यासाठी दिवसा मुख्य भूमीकडे जातो. समुद्रातल्या खडकाची त्याला गरज असते ती गुहेपुरती. काळोख्या गुहेत जिभेने टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधणारे फार थोडे पक्षी जगात आहेत. आपली ही पाकोळी त्यांपैकी एक. गुहेच्या भिंतीला ती आपल्या लाळेने घरटे चिकटवते, त्यात शेवाळ आणि पिसे मिसळते आणि साधारणतः दोन अंडी घालते. हिवाळा सरल्यापासून पावसाळ्याच्या आरंभापर्यंत तिचा संसार चालतो.

ही लाळच तिच्या जिवावर उठली. आग्नेय आशियात आणि चीनमध्ये अशा घरट्यांचे सूप प्रतिष्ठेचे मानले जाते. अंदमानातील जातीची घरटी जवळपास शुद्ध लाळेची असतात. आपल्याकडील घरट्यांत काडीकचरा आणि पिसांची भेसळ असल्याने त्यांना भाव कमी. पण कमी भाव म्हणजे शून्य भाव नव्हे. वेंगुर्ल्याच्या खडकांवरून घरट्यांची तस्करी होत असल्याचे या शतकाच्या आरंभी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने उघडकीस आणले आणि संरक्षणाचे काम हाती घेतले.

दुसरा पक्षी सुरय. हा खरा समुद्रपक्षी. निमुळते पंख, दुभंगलेली शेपटी आणि पाण्यावर सूर मारून मासा उचलण्याची सवय यांवरून मच्छीमार त्याला लांबूनही ओळखतात. सुरयाच्या एकाहून अधिक जातींनी या खडकांवर वीण केल्याच्या नोंदी आहेत. घरटे म्हणावे असे तो काही बांधत नाही. कोणी कपारीत, कोणी उघड्या खडकावर अंडे घालते. त्याचा काळ उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यात जातो. हे सोयीचेही आहे आणि अडचणीचेही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि खवळलेला समुद्र उरलेल्यांनाही दूर ठेवतो, त्यामुळे विणीच्या ऐन भरात पक्ष्यांना माणसाचा उपद्रव होत नाही. मात्र त्याच कारणाने त्यांना मोजायलाही कोणी जाऊ शकत नाही.

दीडशे वर्षांतील विस्कळीत नोंदी

या खडकांचा पक्षिशास्त्रीय इतिहास पाहिला तर खरी उणीव कळते. १८७५ च्या फेब्रुवारीत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम लक्षद्वीपकडे जाताना पश्चिम किनाऱ्यावरील बेटे पाहत गेले. पुढे दहा वर्षांनी काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे हेच ते ह्यूम. भारतीय पक्ष्यांचा त्या काळचा सर्वांत मोठा अभ्यासक म्हणून त्यांचा लौकिक होता. ‘स्ट्रे फेदर्स’ या स्वतःच्या नियतकालिकात त्यांनी या प्रवासाचा वृत्तान्त छापला. त्यानंतर हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि पाकोळ्यांवर लिहिले; बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा लेख १९४२ साली आला. पुढचा सलग पाठपुरावा दिसतो तो थेट या शतकात, सह्याद्री निसर्ग मित्र आणि इतर काही अभ्यासकांच्या कामातून.

अभ्यासक आले, उत्तम निरीक्षण केले आणि परतले. दोन भेटींच्या मध्ये कधी साठ वर्षे गेली, कधी त्याच्या आसपास. प्रत्येकाची पद्धत वेगळी, महिना वेगळा, पोहोचलेला खडकही कधी वेगळा. फेब्रुवारीत गेलेल्याला सुरयांच्या आधीच्या विणीच्या खुणा तेवढ्या दिसणार. मे महिन्यात गेलेल्याला गजबजलेली वसाहत दिसेल. या दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून पक्षी वाढले की घटले, हे सांगता येत नाही. ज्ञानाच्या दृष्टीने या नोंदी अमोल आहेत, पण संरक्षणाच्या दृष्टीने त्यांचा उपयोग मर्यादित. एखाद्या रुग्णाचे वजन जन्मी एकदा, लग्नात एकदा आणि साठीला एकदा मोजावे, तशी ही गत आहे.

उलट उदाहरण ब्रिटनचे. तेथे १९६९-७० साली शेकडो स्वयंसेवकांनी किनाऱ्यावरील समुद्रपक्ष्यांच्या वसाहती एका ठरलेल्या पद्धतीने मोजल्या. दर पंधरा-वीस वर्षांनी ती गणना पुन्हा झाली आणि १९८६ पासून मधल्या वर्षांतही निवडक वसाहतींची नोंद होऊ लागली. याचे मोल २०२२ नंतर कळले. बर्ड फ्लूची साथ समुद्रपक्ष्यांत शिरली तेव्हा ग्रेट स्कुआ या पक्ष्याची संख्या आधीच्या गणनेच्या तुलनेत ७६ टक्क्यांनी आणि गॅनेटची २५ टक्क्यांनी घटल्याचे तेथे सांगता आले. साथ थांबवता आली नाही. पण किती गेले, कोठे गेले, आता कोणत्या बेटावर माणसांना जाऊ द्यायचे नाही, हे ठरवण्यास आधार मिळाला.

आपल्याकडे असे काही घडले तर? २५ मे २०२५ रोजी एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज कोचीनजीक बुडाले. त्यातील कंटेनर आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे केरळच्या किनाऱ्यावर आले. मे महिन्याची अखेर म्हणजे सुरयांच्या विणीचे दिवस. हीच घटना वेंगुर्ल्यासमोर घडली असती, तर नुकसानभरपाईच्या दाव्यात मच्छीमारांचे जाळे, होडी, बुडालेले दिवस यांचा हिशेब मांडता आला असता. पक्ष्यांच्या नावापुढील रकाना मात्र कोरा राहिला असता. कारण आदल्या वर्षी किती होते, याचीच नोंद नाही.

स्वयंसेवक काय करू शकतात, काय नाही

देशात पक्षिनिरीक्षणाचा छंद झपाट्याने वाढला आहे. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा राहिला आणि त्यात ९४२ जातींचा आढावा घेता आला. पाणपक्ष्यांची आशियाई गणना १९८७ पासून मुख्यतः हौशी माणसांच्या बळावर चालते. महाराष्ट्र पक्षिमित्रची संमेलने १९८१ पासून भरत आहेत, गोव्यात गोवा बर्ड कन्झर्व्हेशन नेटवर्क सक्रिय आहे आणि सीमाभागातही दुर्बीण घेऊन हिंडणारे तरुण दिसू लागले आहेत. मनुष्यबळ नाही, ही तक्रार आता टिकणारी नाही.

परंतु तळ्याच्या काठी उभे राहून बदके मोजणे आणि समुद्रातील वसाहत मोजणे यांत मोठे अंतर आहे. वसाहतीत पाऊल टाकणे हाच पहिला अपाय. माणूस जवळ येताच सुरय एकदम उठतात. तापलेल्या खडकावर अंडे उघडे पडते आणि तेवढ्या वेळात कावळा किंवा समुद्री गरुड डाव साधतो. गुहेत विजेरीचा झोत आणि कॅमेऱ्याचा लखलखाट पाकोळ्यांना असह्य होतो. हौशी छायाचित्रकार येथे तस्कराइतका नव्हे, पण बराच उपद्रव करू शकतो. म्हणून या कामाचा पहिला नियम असा असावा की विणीच्या काळात खडकावर उतरायचे नाही. सुरयांची मोजणी बोटीतूनच, ठरावीक अंतरावरून, पावसाळ्याआधी आणि समुद्र शांत झाल्यावर दोन ठरलेल्या आठवड्यांत व्हावी. पाकोळ्यांची मोजणी संध्याकाळी गुहेच्या तोंडाशी परतणारे पक्षी टिपून करावी. गुहेतील घरट्यांची पाहणी वीण संपल्यावर, वन खात्याच्या परवानगीने आणि जाणकाराच्या सोबतीनेच व्हावी. दरवर्षी तोच आठवडा, तीच वेळ, तेच अंतर पाळले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्याचे मोल त्या कंटाळ्यातच आहे.

दुसरी मर्यादा कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी नष्ट करणे आणि अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे. म्हणजे घरटे खरवडून नेणारा कायद्याच्या दृष्टीने शिकारीच. मात्र त्याला अडवण्याचा, बोट जप्त करण्याचा अधिकार स्वयंसेवकाला नाही. रात्रीच्या समुद्रात तस्करांची होडी अडवायला जाणे हे धाडस नसून वेडेपणा ठरेल. स्वयंसेवकाने पाहावे, वेळ आणि ठिकाण नोंदवावे आणि कळवावे. त्यापुढचे काम वन खात्याचे, सागरी पोलिसांचे आणि तटरक्षक दलाचे. त्याच कायद्यात मानद वन्यजीव रक्षकाचे पद आहे. किनारी जिल्ह्यांत या पदावर समुद्राची माहिती असलेली व्यक्ती नेमली गेली, तर नागरिक आणि खाते यांच्यातील दुवा पक्का होईल.

मच्छीमारांवाचून गणना नाही

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. या खडकांजवळ रोज जाणारा माणूस पक्षिमित्र नव्हे, मच्छीमार आहे. त्याला संरक्षण या शब्दाचा धसका आहे आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. १९८७ साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. आपल्या पारंपरिक मासेमारीवर गदा येईल या भीतीने स्थानिकांनी त्याला विरोध केला आणि तो दीर्घकाळ चालला. अभयारण्य कागदावर राहिले, विश्वास मात्र कागदावरही उरला नाही. आता पक्षी मोजायला आलेल्या शहरी मंडळींकडे पाहून ‘उद्या हेच येथे मासेमारीबंदीचा फलक लावतील’ असे कोणी म्हटले, तर त्याला दोष कसा देणार?

याचे उत्तरही कोकणातच सापडते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. काम गावकऱ्यांच्या हाती दिले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, घराघरांत पाहुणे राहू लागले आणि अंडी राखण्यात गावाचा अर्थही गुंतला. गोव्यात मोरजी, गालजीबाग, आगोंद येथेही वन खाते आणि स्थानिक यांच्या सहकार्याने कासवांची घरटी राखली जातात. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातील कोक्करेबेळ्ळूर या गावात चित्रबलाक आणि झोळीवाले पक्षी घरांलगतच्या झाडांवर वीण करतात. गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांना लेकीबाळींसारखे मानले आणि २००७ साली त्या जागेला समुदाय राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आधी माणसांचा विश्वास, मग फलक, हा क्रम या ठिकाणी पाळला गेला.

खडक मात्र वेळाससारखे दाखवता येणार नाहीत, हे मान्य करावे लागेल. कासवाचे पिल्लू समुद्राकडे जाताना दोरीबाहेर उभे राहून शंभर माणसे पाहू शकतात. शंभर माणसे गुहेत किंवा सुरयांच्या खडकावर नेली तर पाहण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून येथील मोबदला पर्यटनातून नव्हे, थेट कामातून मिळायला हवा. गणनेच्या फेऱ्यांचे डिझेल, बोटीचे भाडे, तांडेलाची दिवसाची मजुरी आणि पक्षी पाहिल्याची नोंद ठेवणाऱ्याचे मानधन यांसाठी लागणारी रक्कम पर्यटन प्रकल्पाच्या खर्चापुढे नगण्य असेल. पाणबुडीच्या तिकिटावरील एक लहानसा वाटा या कामासाठी राखून ठेवणे अशक्य नाही. ज्या कारणाने पक्ष्यांवर ताण येणार, त्यानेच मोजणीचा खर्च उचलावा, हा साधा न्याय आहे.

घाटमाथ्याचा संबंध काय?

समुद्रातील पक्ष्यांशी बेळगाव-निपाणीचा संबंध काय, असा प्रश्न येईल. आंबोलीजवळ उगम पावणारी हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेला मिळते. तिच्या उगमाजवळील कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या लहानशा माशासाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. त्याच घटप्रभेवर, गोकाक तालुक्यात, धूपदाळच्या बंधाऱ्याचे पक्षी अभयारण्य आहे. एकाच पाण्याच्या वरच्या टोकाला एका राज्याचे वारसा स्थळ आणि खालच्या अंगाला दुसऱ्या राज्याचे अभयारण्य, अशी ही रचना. दोन्हीकडच्या नोंदी एकत्र वाचणारी शासकीय यंत्रणा नाही. हे काम आजवर झाले असेल तर ते दोन्ही भाषा जाणणाऱ्या हौशी माणसांनीच केले आहे.

सीमाभागाला स्वतःचाही अनुभव आहे. खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेत राहणारे रॉटनचे वटवाघूळ अनेक दशके जगात फक्त तेथेच ठाऊक होते. पुढे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. ती गुहा आज २०११ साली जाहीर झालेल्या भीमगड अभयारण्यात आहे. गुहेत वसाहत करणाऱ्या जिवाचे सारे भवितव्य एका दारावर अवलंबून असते. ते दार माणसाने व्यापले की वसाहत संपली. वेंगुर्ल्याच्या पाकोळीला हीच अट लागू आहे. त्यामुळे बारापेडेच्या रानात शांत कसे बसावे हे शिकलेला खानापूरचा तरुण निवतीच्या बोटीत उपरा ठरणार नाही.

आणि एक व्यावहारिक संबंध आहे. या किनाऱ्यावर येणारा पर्यटक बहुतांशी घाटमाथ्यावरून किंवा गोव्यातून येतो. पाणबुडी सुरू झाल्यास तिचे ग्राहक हेच असतील. खडकाच्या अगदी जवळ बोट नेण्याचा हट्ट तांडेलाजवळ धरणाराही हाच आणि ‘राहू द्या, पक्षी उठतील’ असे म्हणू शकणाराही हाच. बेळगावच्या महाविद्यालयांतील, निपाणीच्या शाळांतील आणि पेडणे-डिचोलीच्या निसर्ग मंडळांतील मुलांना वर्षातून दोनदा या गणनेशी जोडले, तर पुढच्या दहा वर्षांत असा पर्यटक तयार होईल.

आधी पाया, मग इमारत

मागण्या फार मोठ्या नाहीत. निवती परिसरात पर्यटक बोटींची नियमित वाहतूक वाढण्यापूर्वी पाकोळ्या आणि सुरय यांची एक संपूर्ण पायाभूत गणना व्हावी आणि तिचे आकडे सर्वांसाठी खुले असावेत. गुहेचे आणि घरट्यांचे नेमके ठिकाण मात्र गुप्तच ठेवावे, कारण तस्करही वाचक असतो. विणीच्या काळात बोटींनी खडकांपासून किती दूर राहायचे हे लेखी ठरवावे आणि ते ठरवताना मच्छीमार सहकारी संस्थांना मानाने बोलवावे. त्यांच्या पारंपरिक मासेमारीला या व्यवस्थेतून धक्का लागणार नाही, हे वचन तोंडी न राहता कागदावर यावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. किनाऱ्यावरील पंचायतींच्या समित्यांनी या गणनेची वही आपल्याकडे ठेवावी. वही गावात राहिली, तर अभ्यासक बदलले, अधिकारी बदलले, संस्था थकल्या, तरी नोंद तुटणार नाही.

ह्यूम आले तेव्हा बेळगावास जाणारा माल वेंगुर्ल्याला उतरत होता. अब्दुलअलींनी लिहिले तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. तेव्हापासून तीन राज्ये झाली, सीमेचा वाद न्यायालयात गेला, बंदरे ओस पडली आणि पर्यटन आले. या साऱ्या काळात पक्षी दरवर्षी त्या खडकांवर येत राहिले असावेत, इतकेच आपण म्हणू शकतो. ‘असावेत’ या शब्दाच्या जागी एक आकडा यायला हवा. त्यासाठी लागणारी बोट निवतीच्या धक्क्यावर उभी आहे, दुर्बिणी बेळगावात आणि पणजीत आहेत. पुढचा पावसाळा लागण्यापूर्वी या दोहोंची गाठ घालून द्यायला कोणी पुढे येते का, हे आता पाहायचे.